सूत

सागाची फळी. तिच्यावर गेरूच्या पाण्यात भिजवलेलं सूत, दोन्ही टोकांनी घट्ट ताणलेलं. सुतार ते चिमटीत धरून सरळ वर उचलतो आणि सोडून देतो. फळीवर लाल रेघ उमटते. उचलताना सूत जरा तिरकं गेलं, की रेघ सरकते आणि तिच्यामागून करवतही.

बांधकामावर कान दिला तर हे सूत सगळीकडे ऐकू येतं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. सळया आता मिलिमीटरवर विकल्या जातात, तरी १० मिलिमीटरची सळई ‘तीन सुती’ आणि १२ची ‘चार सुती’च राहिली आहे. हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण काम अडत नाही. चौकट सूतभर बाहेर येते. खांब एका सुतात उभे राहतात.

आणि सूत्र धरणारा तो सूत्रधार. ‘सुतार’ हे त्याचंच झिजून आलेलं रूप; पण जुना सूत्रधार केवळ लाकडाचा कारागीर नव्हता. कर्नाटकातल्या पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात उभारलं. तिथल्या शिलालेखात ते घडवणाऱ्या, गुंड नावाच्या स्थपतीला ‘सूत्रधारी’ म्हटलंय. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाचा स्थपती मंडन याने तर शिल्प्याची आठ सूत्रं, म्हणजे मोजण्या-आखण्याची साधनं, सांगितली. त्यांत दोरी आहे, मोजायचा गज आहे, काटकोन तपासायचा गुण्या आहे, आणि ‘अवलंब’ही आहे, म्हणजे उभी रेघ तपासायला दोरीला वजन बांधून सोडलेला आपला ओळंबा. पहिलं सूत्र मात्र दृष्टी! हत्यारांच्या यादीत डोळ्याला पहिला मान देणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

मग नाटकातला सूत्रधार कुठला? काहींच्या मते तो कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या धरणारा. मला मात्र त्याच्या हातात मोजणीची दोरी दिसते. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यगृहाची जमीन आखायला पुष्य नक्षत्रावर पांढरं सूत्र पसरायला सांगितलंय. ते कापसाचं चालेल, मुंज गवताचं चालेल, पण तुटता कामा नये. अर्ध्यावर तुटलं तर धन्याचा मृत्यू, तिसऱ्या भागावर तुटलं तर राज्यावर कोप. आणि चौथ्या भागावर तुटलं, तर नाश ठरलेला तो प्रयोग करणाऱ्याचा.