विमानाला किती वेळ लागेल?

श्रोतेहो, नमस्कार.

दोन विमानतळांमधलं अंतर ठरलेलं असतं. ते कापायला लागणारा वेळ मात्र रोज बदलतो. आज हा हिशेब समजून घेऊ.

आधी अंतर. ते सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. गोलावरची सर्वांत जवळची वाट महावृत्ताची. पृथ्वीचा केंद्रातून आरपार काप घेतला, की पृष्ठभागावर उमटते ती रेषा. समजा, दोन्ही ठिकाणं 60 अंश उत्तर अक्षांशावर आहेत आणि रेखांशांत 90 अंशांचा फरक आहे. अक्षांश धरून सरळ पूर्वेला गेलात तर सुमारे 5000 किलोमीटर पडतात. महावृत्तावरून, आधी उत्तरेकडे चढत आणि मग खाली येत गेलात, तर सुमारे 4600. चारशे किलोमीटर वाचले!

हे गणित स्वतः करणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा आकडे भरतानाच होते. 19 अंश 30 मिनिटं म्हणजे 19.30 नव्हे, 19.5. मिनिटांना 60 ने भागायचं. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे घ्यायचे. पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर धरली की पुरे. ती ध्रुवांकडे थोडी चपटी असल्याने उत्तर फार तर अर्ध्या टक्क्याने चुकतं.

आता वेळ. साधारण 11 किलोमीटर उंचीवर, वारा नसेल तर, लहान जेट विमानं ताशी 830 किलोमीटरच्या आसपास उडतात, लांब पल्ल्याची 900 च्या. पण वारा असतोच. 3600 किलोमीटरचा पल्ला ताशी 900 ने चार तासांचा. ताशी 100 चा वारा मागून आला तर 3 तास 36 मिनिटं, समोरून आला तर साडेचार तास. म्हणजे जाताना 24 मिनिटं वाचली आणि येताना 30 गेली. वाऱ्याने जाऊन-येऊन फिट्टंफाट होत नाही, हे नीट ध्यानात घ्या. अटलांटिकवरचा जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून वाहतो, म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला जायला येण्यापेक्षा तासभर तरी जास्त लागतो. फेब्रुवारी 2020 मध्ये, वादळी वाऱ्यांच्या साथीने, एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं.

वाट वाकडी करावी लागली तर फरक याहून मोठा. 2022 मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हा साधारण साडेनऊ तासांचा प्रवास 13 तासांच्या आसपास गेला.

वेळापत्रकातला वेळ हा नुसता हवेतला नसतो. विमान जागेवरून हललं, तिथपासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा तो असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, चढण, उतरण, सगळं त्यात आलं. म्हणून कामचलाऊ अंदाजासाठी किलोमीटरना 800 ने भागा आणि वर अर्धा तास धरा. गर्दीच्या विमानतळावर पाऊण तास धरलेला बरा.

राहिलं घड्याळ. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. लंडनहून सकाळी 11 ला निघून न्यूयॉर्कला दुपारी 2 ला पोचलात, तर प्रवास तीन तासांचा नाही. पाच तासांचा फरक मिळवून आठ तासांचा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनमध्ये शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत हा फरक चारच तासांचा असतो. तेव्हा पाच धरलेत तर हिशेब पूर्ण एका तासाने चुकेल.