पाण्याखालचा हिशोब

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या मत्स्यपालन कंपनीचे प्रमुख आज निवृत्त होत आहेत. नाव सांगू नकोस, असं त्यांनीच मला बजावलंय. आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणतो, इथेही तेच म्हणतो.

शेतात पीक उभं दिसतं, गोठ्यात जनावर समोर असतं. मत्स्यपालकाचा माल मात्र पाण्याखाली. तळ्यात किती मासे जगलेत, टाकलेलं खाद्य पोटात गेलं की तळाशी कुजतंय, काठावर उभं राहून धड काहीच कळत नाही. म्हणून या धंद्यात अंदाजपंचे कारभार फार, आणि खोटं बोलायला वावही फार. सरांनी या दोन्ही गोष्टी कंपनीत शिरू दिल्या नाहीत. आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

बोटुकलीची मोजणीच घ्या. बोटुकली म्हणजे बोटाएवढं वाढलेलं माशाचं पिल्लू. ती हजारांनी, लाखांनी विकली जाते, एकेक कोण मोजत बसणार? म्हणून जाळीच्या वाटीने माप घेतात. एका वाटीत किती पिल्लं बसली ते मोजायचं आणि वाट्यांनी गुणायचं. मोजायची वाटी गच्च भरली आणि पुढच्या वाट्या सैल हाताने भरल्या, की गिऱ्हाईकाला कमी माल जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. सर तीन वाट्या मोजायला लावायचे आणि त्यातला सगळ्यांत कमी आकडा धरायचे. मी एकदा विचारलं, सरासरी धरली तर काय बिघडेल? ते म्हणाले, "चार पिल्लं जास्त गेली तर आपण बुडत नाही. पण कमी गेली तर ते त्याला जाळं ओढल्यावरच कळणार, आणि तेव्हा तो बिचारा स्वतःच्या तळ्याला दोष देत बसणार."

हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज तयार करण्याच्या केंद्रात, नवा मुलगा आला की पहिल्याच दिवशी सर त्याला डॉ. हिरालाल चौधरींची गोष्ट सांगत. पूर्वी मत्स्यबीज नदीतून गोळा करावं लागायचं. त्यात हव्या त्या जातीबरोबर नको त्या जाती यायच्या, आपल्याच पिल्लांना गिळणारे मासेही यायचे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या जातकुळीतल्या, माशांचं प्रजनन घडवून आणलं. सर म्हणायचे, तेव्हापासून पिशवीत काय आहे हे सांगता येऊ लागलं. ज्याला सांगता येतं, त्याने ते खरंच सांगितलं पाहिजे.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगायला मला इतकी वर्षं लागली.

दिवसा उन्हात पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच तो वापरतं. मासेही वापरतात. त्यामुळे सूर्योदयाच्या जरा आधी पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. लिटरला 5 मिलिग्रॅम असला की निर्धास्त राहावं, 3 च्या खाली गेला की धोका. ढगाळ दिवसांत तर फारच जपावं लागतं. असेच सलग तीन दिवस ढग होते आणि रात्रपाळी माझी होती. संध्याकाळचं माप चांगलं आलं, म्हणून मापांच्या वहीत पहाटेच्या रकान्यात मी रात्रीच एक आकडा भरून टाकला. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं, बंद राहिले. उजाडलं तेव्हा एका तळ्याचा काठ पांढरा दिसत होता. सगळे उलटे झालेले मासे.

सर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आमच्याबरोबर पाण्यात उतरले. दुपारपर्यंत आम्ही मेलेले मासे उचलत होतो, ते एक शब्द बोलले नाहीत. मग त्यांनी वही मागवली. माझ्या आकड्यावर रेघ मारून बाजूला मला लिहायला लावलं, 'माप घेतलं नाही'. खाली स्वतः सही केली. संचालकांच्या बैठकीत विचारणा झाली तेव्हा ते म्हणाले, "एवढ्या तळ्यांवर रात्री एकच माणूस, ही व्यवस्था माझी होती." पुढच्या आठवड्यात रात्रपाळीला दुसरा माणूस आला. त्या रकान्यात खोटा आकडा मी पुन्हा लिहिलेला नाही.

एकदा खरेदीदाराची गाडी फाटकात उभी असताना त्यांनी रिकामी परत पाठवली. माशांना औषध दिलं होतं आणि औषधानंतर विक्रीआधी थांबायचे ठरलेले दिवस भरायचे होते. मोठा सौदा हातचा गेला. सरांनी त्याची कधी खंतही बोलून दाखवली नाही.

2022 साली जगात पाळलेल्या जलचरांचं उत्पादन 9 कोटी 44 लाख टनांवर गेलं आणि पहिल्यांदाच मासेमारीच्या पुढे गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा तो अहवाल 2024 मध्ये आला तेव्हा मी तो सरांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवला. त्यांना आनंद झाला, चेहऱ्यावर दिसत होता. मग म्हणाले, "छान! गेल्या आठवड्याची मरतुकीची वही आण."

आज पहाटे ते नेहमीसारखे तळ्यावर आले होते. मी मीटरची तार पाण्यात सोडली, त्यांनी बॅटरीचा उजेड धरला. 5.2. मी आकडा लिहिला, त्यांनी खाली सही केली आणि पेन माझ्या खिशाला लावलं.

सर, उद्यापासून तिथे सही माझी असेल. वही ऑफिसात त्याच खिळ्याला टांगलेली राहील. कधीही या आणि उघडून बघा.

नमस्कार.