ब्रायन मॅकडर्मटच्या खात्यावर काय मांडायचं

लीड्स म्हटलं की आपल्याकडे हेडिंग्ली आठवतं, आणि हेडिंग्ली म्हटलं की क्रिकेट. १९८६ साली दिलीप वेंगसरकरांनी तिथे ६१ आणि नाबाद १०२ धावा काढल्या आणि आपण २७९ धावांनी कसोटी जिंकली. १९९२ मध्ये सचिन तेंडुलकर यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून त्या भागात राहायला गेला. पण त्या क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून दुसरं एक मैदान आहे, हे इथून गेलेल्या माणसाला तिथे पोचेपर्यंत माहीत नसतं. मधला स्टँड एकच. त्याच्या एका अंगाला क्रिकेट, दुसऱ्या अंगाला रग्बी लीग. मी नोकरीनिमित्त लीड्सला गेलो तो क्रिकेटच्या ओढीने, आणि जीव गुंतला तो पलीकडच्या मैदानात. आजचं बोलणं तिथल्याच एका माणसाबद्दल आहे. ब्रायन मॅकडर्मट, लीड्स राइनोज या क्लबचा माजी प्रशिक्षक.

खेळाची ओळख दोन वाक्यांत करून देतो. एका संघात तेरा खेळाडू. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून रोखायचं, आणि सहा पकडींच्या आत तुम्ही पलीकडे पोचला नाहीत तर चेंडू समोरच्याला द्यायचा. कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला पकडीचं मोल वेगळं समजवावं लागत नाही. या खेळाचा जन्म १८९५ साली हडर्सफील्डच्या एका हॉटेलात झाला. उत्तर इंग्लंडमधले गिरणी कामगार आणि खाण कामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी असं तिथल्या क्लबांचं म्हणणं, आणि रग्बीची सूत्रं ज्यांच्या हाती होती त्यांचा त्याला ठाम नकार. म्हणून उत्तरेतले क्लब फुटून निघाले. केलेल्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत, या एका मुद्द्यावर उभा राहिलेला हा खेळ आहे. मॅकडर्मटबद्दल बोलताना मला हे सारखं आठवतं, कारण माझ्या मते त्याच्या कामाची मजुरी त्याला पुरती मिळालेली नाही.

हा माणूस पूर्वी रॉयल मरीन्समध्ये सैनिक होता. नंतर ब्रॅडफर्ड बुल्सकडून प्रॉप म्हणून, म्हणजे पुढच्या फळीतला दणकट खेळाडू म्हणून खेळला. ब्रॅडफर्ड म्हणजे लीड्सचा सख्खा शेजारी आणि सख्खा वैरी. पुढे लीड्समध्ये टोनी स्मिथच्या हाताखाली साहाय्यक, मग लंडनला हार्लेक्विन्सचा मुख्य प्रशिक्षक, आणि २०११ च्या मोसमापासून लीड्सचा. २०१८ च्या जुलैत त्याला काढलं. मधल्या काळात त्याने आठ करंडक आणले: २०११, २०१२, २०१५ आणि २०१७ असे सुपर लीगचे (तिथल्या अव्वल साखळी स्पर्धेचे) चार ग्रँड फायनल, म्हणजे साखळीनंतर बाद फेरीतून विजेता ठरवणारे अंतिम सामने, २०१४ आणि २०१५ चा चॅलेंज कप ही वेगळी बाद पद्धतीची स्पर्धा, २०१२ ची जागतिक क्लब लढत आणि २०१५ मध्ये साखळीतल्या अव्वल स्थानाची ढाल. चार वेळा ग्रँड फायनलला गेला आणि चारही जिंकला.

असं असूनही लीड्समध्ये त्याचं नाव काढलं की एकमत होत नाही. साउथ स्टँडमध्ये माझ्या आसपास उभे राहणारे लोक जे म्हणायचे ते मी त्यांच्या बाजूने नीट मांडतो, कारण ती माणसं खेळ जाणणारी होती. त्यांचं म्हणणं असं की संघ त्याला तयार मिळाला. कर्णधार केविन सिनफील्ड, रॉब बरो, डॅनी मॅकग्वायर, जेमी जोन्स-ब्यूकॅनन ही क्लबच्याच अकॅडमीत घडलेली पोरं, त्यांच्या जोडीला जेमी पीकॉक. या पिढीला तिथे 'सोनेरी पिढी'च म्हणतात. १९७२ नंतर बत्तीस वर्षं लीड्स अजिंक्य झालं नव्हतं, तो दुष्काळ टोनी स्मिथने २००४ मध्ये संपवला. २००७ मध्ये तो पुन्हा जिंकला, २००८ आणि २००९ मध्ये ब्रायन मॅक्लेनन जिंकला. ही माणसं कोणाच्याही हाताखाली जिंकली असती, मॅकडर्मट फक्त बाकावर बसायला आला, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. शिवाय २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षी साखळीत लीड्स पाचवं होतं. एवढी माणसं हाताशी असताना पाचवं येणं ही प्रशिक्षकाचीच नाचक्की, असं ते म्हणत.

मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगायला हवं.

त्या काळात सुपर लीगच्या बाद फेरीत एक विचित्र नियम होता. पुढे गेलेल्या संघांत जो वरच्या क्रमांकाचा, त्याने उपांत्य सामन्यातला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा. तोही जाहीरपणे. २०११ मध्ये साखळीत पहिल्या आलेल्या वॉरिंग्टनने लीड्सला निवडलं. २०१२ मध्ये पहिल्या आलेल्या विगननेही लीड्सलाच निवडलं. याचा अर्थ उघड आहे. उरलेल्यांत सोपे कोण, तर हे. पहिल्या वर्षी लीड्सने वॉरिंग्टनला त्यांच्याच मैदानावर २६-२४ असं हरवलं आणि दुसऱ्या वर्षी विगनला त्यांच्या मैदानावर १३-१२ असं. दोन सामने मिळून तीन गुणांचा फरक. संघ आपोआप चालत होता असं म्हणणाऱ्याने हे दोन सामने समोर ठेवावेत. आपोआप चालणारा संघ ऐंशी मिनिटं परक्या मैदानावर एका गुणाने तग धरत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये वेम्बलीवर चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात वॉरिंग्टनने लीड्सला ३५-१८ असं लोळवलं होतं. वॉरिंग्टनचा प्रशिक्षक कोण? टोनी स्मिथ. सोनेरी पिढीला त्यानेच जिंकायला शिकवलं होतं, तिची नस न् नस त्याला माहीत होती. सहाच आठवड्यांनी ओल्ड ट्रॅफर्डवर ग्रँड फायनलला पुन्हा तेच दोन संघ, तेच खेळाडू, आणि लीड्स २६-१८ असं जिंकलं. खेळाडू तेच राहिले आणि निकाल फिरला, तर मधल्या सहा आठवड्यांत कोणीतरी काहीतरी काम केलं असणार. ते सगळं सिनफील्डच्या नावावर मांडायचं आणि प्रशिक्षकाच्या नावावर काहीच नाही, हा हिशोब मला लबाडीचा वाटतो.

रॉब बरोबद्दल एक सांगतो. पाच फूट पाच इंचाचा हा खेळाडू, आणि मॅकडर्मट त्याला बऱ्याचदा सुरुवातीला उतरवत नसे. सामना तापला, समोरचे अंगापिंडाने मोठे लोक थोडे दमले, की बाकावरून सोडायचा. बरोला ते आवडत नसे, प्रेक्षकांना तर मुळीच नाही. २०११ च्या ग्रँड फायनललाही तो बाकावरूनच आला, एकाच्या काखेखालून वाकून सुटला आणि एकट्याने धावत जाऊन ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला. तो ट्राय आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हॅरी संडरलंड करंडक त्याला एकमताने मिळाला. उत्तरार्धात सेंट हेलेन्स १६-८ असे पुढे होते, शेवटी लीड्स ३२-१६ असं जिंकलं. लोकांचा रोष पत्करून लाडक्या खेळाडूला बाकावर बसवायचं, आणि मग योग्य घटकेला सोडायचं. ही प्रशिक्षकाची करामत आहे, आणि ती तो ट्राय पाहताना दिसत नाही. २०१९ च्या डिसेंबरात बरोला मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं, २ जून २०२४ ला तो गेला. त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज अजून नीट लागत नाही, म्हणून इथे थांबतो.

चॅलेंज कपचंही तसंच. १९९९ नंतर लीड्स सहा वेळा अंतिम सामन्यात पोचून हरलं होतं. त्यांतले शेवटचे दोन पराभव मॅकडर्मटच्याच काळातले आहेत, ते त्याच्या खात्यावर मांडायलाच हवेत. पण २०१४ मध्ये कॅसलफर्डला २३-१० असं हरवून त्यानेच ते शुक्लकाष्ठ संपवलं. पुढच्या वर्षी हल केआरविरुद्ध ५०-०, आणि टॉम ब्रिस्कोचे एकट्याचे पाच ट्राय. त्या २०१५ मध्ये तिन्ही करंडक एकाच मोसमात आले. साखळीतलं पहिलं स्थान हडर्सफील्डला रायन हॉलच्या अगदी शेवटच्या क्षणीच्या ट्रायने मिळालं. ग्रँड फायनलमध्ये विगनविरुद्ध २२-२० चा निकाल लागला तो बाकावरून आलेल्या जॉश वॉल्टर्स या तरुणाच्या ट्रायने आणि त्यावर सिनफील्डने मारलेल्या किकने. जाणाऱ्या कर्णधाराची ती लीड्ससाठीची शेवटची गुणांची किक.

आता उधारीची बाजू. त्या सामन्यानंतर सिनफील्ड, पीकॉक आणि कायली लेउलुआई तिघेही एकदम क्लब सोडून गेले. त्यांची जागा घेतील अशी माणसं तयार नव्हती. त्यात २६ डिसेंबर २०१५ ला एअर नदीला पूर आला आणि कर्कस्टॉलचं सरावाचं केंद्र पाण्याखाली गेलं. संघ सरावासाठी इकडेतिकडे भटकू लागला. पाठोपाठ दुखापती. आदल्या वर्षी तिन्ही करंडक जिंकलेला संघ २०१६ मध्ये बारांत नववा आला आणि सुपर लीगमधली जागा टिकवण्यासाठी खालच्या विभागातल्या संघांशी खेळावं लागलं. पूर ही दैवाची गोष्ट झाली. पण तीन खांब एकाच दिवशी निघणार आहेत हे आधी ठाऊक असताना चौथा उभा न करणं, ही चूक होती. ती एकट्या प्रशिक्षकाची नाही. पगारावर वरची मर्यादा असलेल्या स्पर्धेत कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं हे क्लबचे चालकही ठरवतात. तरी तिचा मोठा वाटा मी मॅकडर्मटच्याच नावावर मांडतो. आहे त्या माणसांना पिळून काढण्यात तो उस्ताद होता. पुढची माणसं वाढवण्यात तितका नव्हता.

आणि तरीही मला त्याचं सगळ्यांत मोठं काम वाटतं ते त्याच्या पुढच्या वर्षाचं. २०१७ च्या मार्चच्या सुरुवातीला कॅसलफर्डने लीड्सला ६६-१० असं चिरडलं. सहासष्ट! दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्याशी कोणी नीट बोललं नाही, जणू माझ्या घरी काही घडलं होतं. आता याला काढणारच, असं सगळे म्हणत होते. क्लबने काढलं नाही. सिनफील्ड नव्हता, पीकॉक नव्हता. हाती होते शेवटच्या वर्षातले मॅकग्वायर आणि बरो, आणि नववं स्थान पाहिलेले बाकीचे. त्यांना घेऊन तो साखळीत दुसऱ्या क्रमांकावर आला. ७ ऑक्टोबरला ओल्ड ट्रॅफर्डवर समोर तेच कॅसलफर्ड, इतिहासात पहिल्यांदाच साखळीत अव्वल आलेलं. लीड्स २४-६ असं जिंकलं. कॅसलफर्डचे सहा गुण अगदी शेवटी आले. मॅकग्वायरने दोन ट्राय आणि दोन ड्रॉप गोल (खेळ चालू असताना किक मारून मिळवलेला एकेक गुण) केले. तयार संघ मिळाला होता ही सबब या करंडकाला लागूच पडत नाही.

२०१८ मध्ये घसरण पुन्हा सुरू झाली, आणि जुलैत त्याला निरोप मिळाला. क्लबने संघाची जबाबदारी दिली ती सिनफील्डकडेच. त्या वर्षीही लीड्स तळाच्या झुंजीत अडकलं. त्यानंतर चार पूर्णवेळ प्रशिक्षक आले, २०२० चा चॅलेंज कप मिळाला, २०२२ मध्ये संघ ग्रँड फायनलपर्यंत गेला आणि सेंट हेलेन्सकडून हरला. २०२४ चा मोसम संपेपर्यंत सुपर लीगचं विजेतेपद काही परत आलं नाही.

मला नेहमी विचारतात, तू असतास तर काढलं असतंस का? २०१८ च्या जुलैत मीही काढलंच असतं. संघ थकला होता आणि त्याच्याकडे नवं काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं, हे स्टँडमधूनही दिसत होतं. पण त्या ६६-१० नंतरच्या शुक्रवारी मला विचारलं असतं, तर तेव्हाही मी काढा असंच म्हटलं असतं. त्या दिवशी क्लबने माझ्यासारख्यांचं ऐकलं नाही, म्हणून ऑक्टोबरात मॅकग्वायर आणि बरो करंडक हातात धरून मैदानाबाहेर गेले.