एकाच झाडावर तीन प्रजाती

आमरी, म्हणजे आपण ऑर्किड म्हणतो ती, ओळखायची फुलावरून. पान फसवतं, कंद फसवतो, फूल नाही. मला असंच शिकवलं गेलं आणि पुढे मीही तेच शिकवत राहिलो. आज फुलानं केलेली फजिती सांगतो.

लंडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली हे एकोणिसाव्या शतकात ऑर्किडमधले शेवटचा शब्द. दक्षिण अमेरिकेतल्या तीन आमरी त्यांच्या लेखी तीन वेगळ्या प्रजाती होत्या: कॅटासेटम, मोनाकँथस, मायँथस. नुसत्या जाती (species) नव्हेत हं, प्रजाती (genus), म्हणजे जवळच्या जातींचा अख्खा गट. आंबा आणि काजू यांच्यात असतं तसं अंतर. आणि मग ब्रिटिश गयानात फिरणाऱ्या रॉबर्ट शोम्बुर्क यांना ही तिन्ही फुलं एकाच झाडावर दिसली! आंब्याला काजू लागावा तशी गत. प्रजाती आणि जाती स्थिर असतात ही समजूतच यानं मुळापासून हादरते, असं लिंडलींनी लिहून टाकलं.

शोम्बुर्क यांची दुसरी नोंद मला जास्त मोलाची वाटते. गयानातल्याच एसेक्विबो भागात त्यांनी शेकडो कॅटासेटम पाहिले, पण बोंड धरलेलं एकही नाही. मोनाकँथसला मात्र चांगली टपोरी बोंडं. उत्तर तिथंच लोंबत होतं की!

ते हाती लागलं 1862 मध्ये डार्विनच्या. त्यानं फुलं चिरून पाहिली. कॅटासेटमची बीजांडं सुकलेली, मोनाकँथसचे परागपुंज, म्हणजे परागकणांचे चिकट गोळे, नावापुरते. म्हणजे एक नर, दुसरी मादी. नर फूलही कसलं, तर आतल्या दोन मिशांना धक्का लागला की परागपुंज बंदुकीतून सुटल्यासारखा उडतो. डार्विननं खिडकीपासून सुमारे 3 फुटांवर फूल धरून मिशीला हात लावला, तर तो थेट काचेवर जाऊन चिकटला. रानात हा तडाखा सुवास गोळा करायला आलेल्या नर मधमाशीच्या पाठीवर बसतो. मार खाल्लेली माशी पुन्हा नर फुलाकडे फिरकायला नाखूश असते, पण मादी फूल वेगळं दिसतं, तिथं ती बिनघोर शिरते.

मायँथसबाबत मात्र डार्विनही चुकला. त्यानं ते द्विलिंगी ठरवलं. निरनिराळ्या कॅटासेटम जातींची मादी फुलं जवळपास सारखीच दिसतात, त्यामुळे वेगळ्याच जातीचा नर इथं येऊन बसला होता. तो गुंता 1891 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉल्फ यांनी सोडवला.

आता डीएनए पाहतात. त्यात कॅटासेटम सिंबिडियम या दुसऱ्या एका आमरीच्या गोतात येतो, आणि त्याच गोतात आपली अमरकंद ही आमरीही आहे, पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत जमिनीतून दांडा वर काढणारी. दोघांची फुलं शेजारी ठेवून मला नातं विचारलं असतं, तर मी साफ नाही म्हणालो असतो.