अंगाला हात न लावता

व्हिडिओत दिसतंय ते भोसरी एमआयडीसीतल्या एका पॅकिंग युनिटचं कँटीन. टेबलं भिंतीला सारलीत. कामाच्या ठिकाणी हात न लावता, न बोलता होणारा लैंगिक छळ ओळखायचं हे ट्रेनिंग, आणि आता जे नाटक चाललंय त्यात कुणी अवाक्षर काढायचं नाही, ट्रेनिंग घेणाऱ्या ताईंनी तसं आधीच बजावलंय.

हा जो सुपरवायझर झालाय तो खरा स्टोअरमधला. त्याच्या हाताखालची झालेली ती कॉम्प्युटरवर बसलीये. तो मागून येतो, खुर्चीच्या पाठीवर हात टेकवतो आणि स्क्रीनवर काहीतरी बघायचंय असं दाखवत वाकतो. आता तिच्याकडे बघा. खांदे पुढे आले, माउस सुटला, हात ओढणीकडे गेला. त्याने तिला हात लावला? नाही. काही बोलला? तेही नाही.

दुसरी जोडी जिन्यात. दोघं आरामात जातील एवढी जागा आहे, पण हा कठड्याला असा रेलून उभा की तिला अंग चोरूनच जावं लागणार. पुढे मग डोळा मारणं, वरपासून खालपर्यंत न्याहाळणं, मोबाईलवरचा घाणेरडा फोटो मुद्दाम तिला दिसेल असा धरणं. सुरुवातीला पोरं खिदळत होती. हा शॉट नंतरचा आहे.

भिंतीवर जे पोस्टर दिसतंय ते विशाखा कमिटीचं, म्हणजे कंपनीतल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचं. नंतर नवा कायदा आला तरी लोकांच्या तोंडी नाव तेच. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावातली कार्यकर्ती, म्हणून काम करायच्या, बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, त्यानंतर विशाखा आणि इतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, १३ ऑगस्ट १९९७ ला कामाच्या ठिकाणचा छळ रोखायचे नियम घालून देणारा विशाखा निकाल आला आणि कायदा व्हायला २०१३ उजाडलं. त्या कायद्यात शारीरिक आणि शाब्दिकच्या जोडीला शब्दांविना केलेलं, नको असलेलं लैंगिक वर्तनही स्पष्ट लिहिलंय. म्हणजे "मी कुठे काय बोललो?" हा बचाव चालत नाही.

आता ही वही बघा. ताईंनी एकीला लिहायला लावलं, तिने लिहिलं, "साहेब विचित्र वागतात." ताईंनी ते खोडलं. खाली आता असंय: तारीख, साडेतीन वाजता, डिस्पॅचचं टेबल, खुर्चीमागे उभे राहिले, समोर या म्हटलं तरी हलले नाहीत, शेजारी अमुक बसली होती. असं चार वेळा लिहिलं की नजरेचा खेळ कागदावर येतो, मग "तुझा गैरसमज झाला असेल" म्हणणं कुणालाही जड जातं. मेसेज, स्टिकर असले तर डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा.

आणि ही वाक्याची प्रॅक्टिस. "साहेब, समोर या, मी स्क्रीन वळवते." पहिल्यांदा घशातच अडकलं, तिसऱ्यांदा मागच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. पण पगार ज्याच्या सहीवर अडकलाय त्याला हे ऐकवणं सोपं नसतं, आणि ती बोलली नाही म्हणजे तिला चालतंय असा अर्थ कुणी काढू नये. म्हणून ह्या लाल टी-शर्टवाल्या दादाचं काम मला जास्त आवडलं. तो नुसता तिच्या टेबलाशी येऊन उभा राहतो, "काय साहेब, रिपोर्ट पाहिजे का? मी देतो." सुपरवायझर सरळ होतो.

कॅमेरा हातांवर आणि पाठीवर का, तर तक्रार करणारीची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे आणि इथे कोण नाटक करतंय आणि कुणी खरंच सोसलंय हे आम्ही विचारलं नाही. समितीची खोली बंद असते, तिथे शूटिंग नाही. तक्रार लेखी, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत, अडचण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात, चौकशी ९० दिवसांत. दोषी ठरला तर माफीनाम्यापासून नोकरी जाण्यापर्यंत काहीही.

कामाच्या जागी दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जायचं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तिथे कुणाला भेटायचं याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा.