चोपन्न मिलिमीटरचा शिपाई

दिवाळी तोंडावर आली की सोलापूरच्या बाजारात किल्ल्यावर मांडायचे मावळे विक्रीला येतात, आणि वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले चार मावळे शेजारी उभे केले तर त्यांतला एखादा दुसऱ्याच्या जेमतेम खांद्याला लागतो. सिंहासनावरचे महाराज तर बसलेले असूनही पहारेकऱ्यापेक्षा उंच असतात. ती मात्र चूक नव्हे. वीरगळावर मुख्य वीर इतरांपेक्षा मोठा कोरण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. तिथे आकार उंची दाखवत नाही, मान दाखवतो. खेळण्यातले सैनिक जमवणाऱ्याच्या कपाटात मात्र ही सवलत चालत नाही.

पडद्यावर दिसणारा हा शिपाई ५४ मिलिमीटरचा आहे. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे, आतून पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली. ते भरीव जर्मन सैनिकांपेक्षा हलके आणि स्वस्त होते, आणि रुळांमध्ये सुमारे ४५ मिलिमीटर अंतर असलेल्या त्या काळच्या खेळण्यातल्या रेल्वेशेजारी शोभतील, अशी त्यांची उंची ठेवलेली होती. खऱ्या लोहमार्गाची रुंदी १४३५ मिलिमीटर. तिला ४५ ने भागले की साधारण ३२ येतात. म्हणून या शिपायाचे प्रमाण १:३२ मानतात, आणि ५४ ला ३२ ने गुणल्यास १७२८ मिलिमीटर, म्हणजे पाच फूट आठ इंचांचा माणूस उभा राहतो.

त्याच्या बाजूला ६० मिलिमीटरचा सैनिक ठेवला, तर तो याच हिशेबाने सहा फूट तीन इंचांच्याही वर जातो. सहा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण आकारमान उंचीच्या घनाने वाढत असल्याने ते सुमारे सदतीस टक्के अधिक भरते, आणि डोळ्याला खटकतो तो उंचीपेक्षा हा थोराडपणाच.

प्रमाणे नेहमी विचारपूर्वक ठरली, असेही नाही. जपानच्या टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याची प्रतिकृती काढली, ती आत मोटर आणि बॅटरी मावेल एवढ्या मापाची. पुढे मोजून पाहिले तेव्हा ते प्रमाण १:३५ च्या आसपास निघाले, आणि त्यावरच रणगाड्यांची व सैनिकांची मोठी मालिका उभी राहिली. या प्रमाणात तोच माणूस ४९ मिलिमीटरचा होतो. एअरफिक्सच्या १९५९ पासूनच्या छोट्या प्लास्टिक सैनिकांच्या डब्यांवर एचओ आणि ओओ ही दोन रेल्वे-प्रमाणे एकत्र छापलेली असत. वास्तविक पहिले १:८७ आणि दुसरे १:७६ असल्यामुळे एकाच डब्यातला शिपाई एका हिशेबाने २० मिलिमीटरचा आणि दुसऱ्या हिशेबाने जवळपास २३ मिलिमीटरचा असायला हवा.

आता मोजायचे कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न उरतोच. सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे, आणि छातीचे माप श्वास सोडून घेतले की भरून यावर शर्ट बसतो की नाही हे ठरते, हे इथल्या शिंप्याला सांगावे लागत नाही. सैनिकाचेही तसेच आहे. अस्वलाच्या केसाळ कातड्याची उंच टोपी धरून मोजले तर तोच शिपाई भलताच वाढतो. म्हणून टेबलावर सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळाच्या २८ मिलिमीटर सैनिकांत अनेक जण पायाच्या तळव्यापासून डोळ्यांपर्यंतची उंची धरतात आणि पायाखालची चकती वगळतात. काही मात्र डोक्याच्या टाळूपर्यंत मोजतात. शिवाय दुरून ओळखू यावेत म्हणून या सैनिकांची डोकी, पंजे आणि शस्त्रे मुद्दाम मोठी घडवली जातात. पूर्वी २५ मिलिमीटर म्हणून विकली जाणारी मापे वाढत वाढत २८ आणि ३२ पर्यंत आली आहेत. त्यामुळे जुना शिपाई नव्या तुकडीत पोरगेला दिसतो. विकत घेण्याआधी डब्यावरचा आकडा वाचण्यापेक्षा कपाटातला एक जुना सैनिक खिशात घालून दुकानात नेणे हा साधा उपाय आम्हाला अधिक खात्रीचा वाटतो.

न जुळणारे सैनिक टाकून मात्र देऊ नयेत. वाड्याच्या अंगणात विटा आणि मातीने रचलेल्या या किल्ल्यावर आम्ही ५४ मिलिमीटरचे शिपाई खालच्या दरवाजाशी ठेवले आहेत आणि २४ मिलिमीटरचे वरच्या बुरुजावर. कॅमेरा दरवाजाच्या उंचीवर आणला, की गुडघ्याएवढा बुरुज दूर आणि उंच दिसू लागतो.