एकतारी

नमस्कार श्रोतेहो. रव्याच्या लाडवांचा पाक एकतारी झाला की नाही, हे तुम्हाला मी शिकवायला नको. मी आज सांगतेय ती लॅबमधली एकतारी.

इंदूरला रामबागेजवळच्या एका लॅबमध्ये मी नवीन होते. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. एका आजोबांच्या लघवीच्या कल्चरमध्ये जंतू वाढलेले, डॉक्टरांचे फोनवर फोन, आणि जंतूंचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह असे दोन गट पाडणारी जी रंगवायची चाचणी, त्या ग्रॅम स्टेनच्या जांभळ्या रंगाची बाटली रिकामी! दवा बाजाराची शटरं खाली.

आमच्या ताई म्हणाल्या, "पोटॅश आण." त्यांनी स्लाइडवर तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, प्लेटवरची ताजी कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जंतूंचा ठिपका, त्यात कालवली, अर्धा मिनिट घोटली आणि लूप, म्हणजे टोकाला कडी असलेली काडी, अलगद वर उचलला. श्रोतेहो, तार! चांगली पेरभर. "बघ गं, एकतारी. ग्रॅम निगेटिव्ह."

तार आली तर निगेटिव्ह. पुन्हा सांगते, तार आली तर निगेटिव्ह. या जंतूंची भिंत पातळ. पोटॅशनं ती फुटते, आतला डीएनए बाहेर येतो आणि चिकट तार धरतो. पॉझिटिव्हची भिंत जाड, ती टिकते. मात्र इथे बोट लावून बघायचं नाही, कातडी भाजेल. हल्ली म्हणे पाकालाही थर्मामीटर लावतात. बोटांना कळतं ते काचेला काय कळणार? असो.

मग 1884 सालचा ग्रॅम स्टेन अजून कशाला? कारण त्यात जंतूचा आकारही दिसतो, गोल की काडीसारखा. गोल पॉझिटिव्ह निघाले, तर कॉलनीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. फसफसलं तर स्टॅफिलोकोकस, नाही तर बहुधा स्ट्रेप्टोकोकस. आता काही मिनिटांत जंतूचं नाव सांगणारी मॅल्डी-टॉफ यंत्रं आलीत, पण त्यांनाही सहसा आधी वाढलेली कॉलनी लागतेच.

तर पाडव्याला मी एकटीनं दुसऱ्या नमुन्यावर हाच प्रयोग केला. तार येईना. 'पॉझिटिव्ह' लिहून मोकळी झाले. ताईंनी रिपोर्ट अडवून ठेवला. रंग आल्यावर स्लाइड रंगवली, तर गुलाबी काड्या. निगेटिव्ह!

ताईंनी माझी पोटॅशची स्लाइड उजेडात धरली. तळहातावर घेतलेल्या तीर्थाएवढा थेंब आणि कॉलनी जेमतेम टाचणीच्या टोकाएवढी.

"अगं, एवढ्या पाण्यात एवढीशी साखर? तार येईल कुठून?"